विषय: दिवाळी बाजारातल्या चोखणीच्या माळा

प्रेषक: दिवाळी बाजार समिती

नमस्कार मंडळी,

यंदा बाजारात बाळंतविड्याचं वेगळं टेबल लावायचं ठरतंय. दुपटी, कुंच्या, टोपडी यांची नावं आलीच आहेत. शिलाई गटातल्या मावशींनी त्याबरोबर चोखणीच्या माळा (चोखणी, म्हणजे पॅसिफायर, बाळाच्या कपड्याला अडकवून ठेवायची दोरी), इथल्या जर्मन भाषेत श्नुलरकेटे, ठेवायचं सुचवलं आहे. काही खणाच्या पट्टीच्या आहेत, काहींत लाकडी मण्यांनी बाळाचं नाव ओवलंय. फोटो समितीत सगळ्यांना आवडले. पण बाळाच्या तोंडाशी जाणारी वस्तू विकायला जर्मनीत काही नियम आहेत का, हा प्रश्न निघाला. माहिती असेल त्यांनी रविवारच्या आत लिहावं. त्यानंतर टेबलांची यादी छापायला जाईल.

प्रेषक: एक सदस्य (लहान मुलांच्या वस्तूंच्या चाचणीत काम करते)

नमस्कार,

नियम आहेत आणि ते चांगले कडक आहेत. हे माझं रोजचं काम असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

चोखणीच्या माळेसाठी युरोपात स्वतंत्र मानक आहे: डीआयएन ईएन १२५८६. त्यातली पहिली अट लांबीची. क्लिप सोडून माळ २२० मिलिमीटर, म्हणजे २२ सेंटिमीटरपेक्षा लांब असता कामा नये. त्याहून लांब दोरी बाळाच्या मानेभोवती फिरून आवळली जाऊ शकते. ही लांबी माळ ताणून मोजतात. त्यामुळे पट्टीत इलास्टिक असेल तर टेबलावर ठेवून घेतलेलं माप उपयोगाचं नाही. चोखणी अडकवायचा फासही याच मापात धरायचा.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक छोटी नळी असते, तिचा तळ तिरका असतो. ओढून, पिळून, आपटून जे काही सुटेल ते त्या नळीत मावलं, तर ते बाळाच्या घशात अडकू शकतं असं धरतात. मणी तर मावतोच. म्हणून मणी मुळात सुटताच कामा नये. क्लिपलाही नियम आहेत. बाजारातल्या चांगल्या लाकडी क्लिपांना आरपार भोकं दिसतात ती नक्षीसाठी नसतात. क्लिप घशात गेलीच तर हवा जायला वाट राहावी म्हणून ती पाडलेली असतात. साड्यांना किंवा सस्पेंडरला लावायच्या धातूच्या क्लिपा इथे चालत नाहीत.

ही माळ खेळणं नाही, त्यामुळे तिच्यावर सीई चिन्हही लावायचं नाही. कित्येक जण चांगल्या हेतूने ते छापतात आणि नेमकं तेच चुकतं.

प्रेषक: शिलाई गट

सविस्तर लिहिलंस, छान केलंस. माझं म्हणणंही ऐकून घे. मी मणी इथल्याच हस्तकलेच्या दुकानातून घेते. पाकिटावर मानकाचा क्रमांक असतो आणि लाळेने रंग सुटत नाही असंही छापलेलं असतं. क्लिपांना भोकं आहेत. दोरी जाड आहे, गाठ मी स्वतः ओढून बघते. खणाच्या पट्टीला आतून सुती अस्तर लावते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाळाच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि पायात घुंगरांचे वाळे घालतोच ना? शिवाय बाजारातले पैसे मराठी शाळेला जाणार, मला एक युरोही नको. वर्षभर ओळखीतल्या ऑर्डरी घेते त्याही सामानाच्या खर्चातच. तरीही हे सगळं मला लागू होतं?

आणखी एक. एका आईला नाव देवनागरीत हवंय. तसे मणी मिळत नाहीत, तर कोऱ्या मण्यांवर अक्षरं रंगवून देऊ का?

प्रेषक: चाचणीत काम करणारी सदस्य

मावशी,

माझ्या मुलाची कुंची तुमच्याच हातची आहे. तिची शिवण अजून उसवलेली नाही. त्यामुळे तुमच्या हाताबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण पाकिटावरची हमी एकट्या मण्यापुरती असते. तीच गोष्ट क्लिपची, आणि कापडावरच्या ओएको-टेक्सच्या खुणेचीही. ती खूण रसायनांबद्दल बोलते, शिवणीबद्दल नाही. सगळे भाग मानकात बसले तरी माळ मानकात बसतेच असं नाही, कारण गाठ तुम्ही मारलेली असते, लांबी तुम्ही ठरवलेली असते. तपासायची असते ती पूर्ण झालेली माळ. बाळ ती चावतं, लाळेने भिजवतं, खुर्चीच्या दांडीत अडकवून ओढतं, आणि आई ती आठवड्यातून दोनदा धुते. एवढं सोसून दोरी टिकली पाहिजे. युरोपच्या सेफ्टी गेट या इशारा-यादीत चोखणीच्या माळा वारंवार येतात, आणि कारणं बहुतेक हीच: लांबी जास्त किंवा मणी सुटतात.

कोऱ्या मण्यांवर अक्षरं रंगवू नका, ही कळकळीची विनंती. तुम्ही ब्रश लावलात की पाकिटावरची हमी तिथेच संपली. रंगातून शिसं, कॅडमियम यांसारखी मूलद्रव्यं लाळेत किती उतरतात ते ईएन ७१-३ नुसार मोजतात, घरी ते कळायला मार्ग नाही. देवनागरी नाव कुंचीच्या काठावर भरा, ते जास्त शोभेलही.

मनगट्यांबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, डिसेंबर २०१८ मध्ये दात येताना घालायच्या मण्यांच्या माळा आणि कड्यांबद्दल इशारा दिला होता. १८ महिन्यांचं एक बाळ दुपारी झोपलेलं असताना गळ्यातल्या अंबरच्या माळेने गुदमरून गेलं होतं. लाकडी मण्यांचं कडं चावताना ७ महिन्यांच्या एका बाळाच्या घशात मणी अडकले, तेही आईवडील लक्ष ठेवून असताना. बारशाला मनगट्या जरूर घाला, फोटो काढा आणि बाळ कडेवरून खाली ठेवण्याआधी काढून ठेवा.

आता पैशांचं. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघाचा उत्पादन सुरक्षेचा नवा नियम, २०२३/९८८, लागू आहे. नफा झाला की नाही हे तो बघत नाही. व्यवसायाच्या ओघात फुकट दिलेली वस्तूही त्यात येते. तुम्ही वर्षभर ऑर्डरी घेता म्हणजे नियमाच्या दृष्टीने तुम्ही उत्पादक. उत्पादकाने धोक्यांचा आढावा लिहून ठेवायचा, कागदपत्रं १० वर्षं जपायची, वस्तूवर किंवा वेष्टनावर नाव, पत्ता, ईमेल आणि ओळख क्रमांक द्यायचा, सूचना जर्मनमध्ये छापायच्या. आणि जर्मन कायद्यानुसार सदोष वस्तूने इजा झाली, तर उत्पादकाचा निष्काळजीपणा सिद्ध व्हायची गरज नसते. हे ओझं तुमच्यावर पडावं असं मला अजिबात वाटत नाही.

प्रेषक: एक सदस्य (सात महिन्यांच्या मुलीचा बाबा)

एवढंच जोडतो. आमच्या हेबामेने, म्हणजे सुईणबाईंनी, पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की झोपताना चोखणी चालेल, पण माळ आधी काढायची. पाळण्यात, गाडीत झोप लागली तरीही. क्लिप अंगच्या कपड्याला लावायची, कपड्याच्या नाडीला किंवा लोंबत्या फितीला नाही. हे मानकातल्या सूचनेतही असतं, पण माळ भेट मिळाली की तो कागद हमखास फेकला जातो. मंडळातल्या नव्या आईबाबांना हे तोंडी सांगायला हवं.

प्रेषक: शिलाई गट

पटलं. मण्यांच्या माळा मी बाजारातून काढून घेते, नव्या ऑर्डरीही बंद. आधी ज्यांना दिल्या आहेत त्यांना आज फोन करते. खणाच्या पट्ट्यांचं काय करू? त्यांत मणी नाहीत, एका टोकाला क्लिप आणि दुसरीकडे टिचबटण आहे. लांबी क्लिप सोडून १९.

प्रेषक: चाचणीत काम करणारी सदस्य

मावशी, पट्टी मण्यांच्या माळेपेक्षा पुष्कळ बरी. पण टिचबटण ओढून निघतं का, खणाच्या काठाची जरतार चावून सुटते का, हे तपासल्याशिवाय विकू नये असं माझं मत. चाचणीत नमुना ठरावीक जोराने ओढतात, त्यात तो तुटूही शकतो, त्यामुळे दोन-तीन पट्ट्या वाया जातील अशा धरूनच द्या. शनिवारी मराठी शाळेत घेऊन या. जरीचा काठ वगळून शिवता आलं तर तेही बघू.

प्रेषक: दिवाळी बाजार समिती

चोखणीच्या माळा यंदाच्या यादीतून वगळत आहोत, खणाच्या पट्ट्यासुद्धा. मावशींच्या टेबलावर कुंच्या, दुपटी आणि खणाची लाळेरी असतील, आणि कुंचीवर देवनागरीत नाव भरून देण्याची नोंदणी तिथेच होईल. लाकडी मण्यांची माळ ज्यांनी मावशींकडून आधी घेतली आहे, त्यांनी ती वापरणं थांबवून शनिवारी शाळेत आणून द्यावी. बदल्यात मावशी लाळेरं देणार आहेत.