मदत हवी आहे: रोमेलच्या गळ्यात नक्की काय रंगवू?

वाळवंटी: दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती रोमेल, त्याचं छोटं मॉडेल रंगवतोय, रविवारी मांडायचंय. गळ्यात दोन क्रॉस आहेत. काळा कळला, दुसरा कोणत्या रंगाचा? आणि काळ्याच्या वरच्या पानांवर हिऱ्यांची चकाकी द्यायची का? लवकर सांगा, निबंध नकोत.

किल्लेदार: कुठल्या सालचा रोमेल?

वाळवंटी: आफ्रिकेतला हो! टोपीवर गॉगल आहे.

किल्लेदार: आफ्रिकेत तो दोन वर्षं होता. खांद्यावर काय आहे?

मिसळवाला: अॅक्रिलिक वापरा, इनॅमल रंग वाळायला दोन दिवस घेतो.

वाळवंटी: रंग कुठला वापरू हे विचारलंच नाहीये.

तोफखाना: दुसरा क्रॉस निळा, कडा सोनेरी. पूर ल मेरित. नाव फ्रेंच, पदक प्रशियाचं. रोमेलला डिसेंबर १९१७ मध्ये मिळालं, पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवरचा मटाजुर डोंगर जिंकला म्हणून.

किल्लेदार: नुसत्या मटाजुरसाठी नाही, तिथल्याच लाँगारोने गावची कामगिरीही त्यात धरतात.

तोफखाना: डोंगर नसता तर लाँगारोने कुठून आलं असतं?

सुमीत१२: हिटलरच्या सेनापतीचे पुतळे घरात कशाला? शिवाजी महाराजांचे मावळे रंगवा की.

मिसळवाला: +१. पण मावळ्यांचे साचे मिळतात कुठे?

किल्लेदार: वाळवंटी, खांदा बघा. एकमेकांना छेदणारे दोन दंड असतील तर फील्ड मार्शल, म्हणजे २२ जून १९४२ नंतरचा. तीन तारे असतील तर त्याआधीचा कर्नल जनरल. काळा क्रॉस म्हणजे नाइट्स क्रॉस, मे १९४० मधला, फ्रान्समधल्या सातव्या पँझर (रणगाडा) डिव्हिजनबद्दल. पानं, तलवारी, हिरे हे त्यावरचे चढते दर्जे. ओकची पानं मार्च १९४१, तलवारी जानेवारी १९४२. हिरे ११ मार्च १९४३ ला, आणि आफ्रिका त्याने ९ मार्चलाच सोडली होती. हिशेब तुम्हीच करा.

वाळवंटी: तीन तारे आहेत. पेटीवर ‘टोब्रुक, १९४२’ लिहिलंय.

तोफखाना: हे पहिल्या ओळीत सांगितलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं!

गावठी_आजोबा: टोब्रुक म्हणजे लिबियातलं बंदर, त्यावरून आठवलं. २० जूनला जर्मनांनी आग्नेयेकडून पहिला घाव घातला तो आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनवर. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी रोमेल फील्ड मार्शल. त्या दंडाला आपल्या पोरांचं रक्त लागलंय. मॉडेल करणाऱ्यांनी एखादा मराठा शिपाईही करावा.

सुमीत१२: हेच म्हणत होतो मी!

तोफखाना: तुम्ही मावळे म्हणालात, आजोबा शिपाई म्हणतायत.

किल्लेदार: अवांतर पुरे. वाळवंटी, ओकची पानं आणि खाली तलवारी, दोन्ही चांदीच्या रंगात. हिरे नकोत. पूर ल मेरितचा निळा मात्र चकचकीत ठेवा, मीनाकारी असते.

वाळवंटी: हिऱ्यांचे ठिपके काल रात्रीच देऊन झालेत. सुकलेत. खरवडून काढले तर खालचा चांदीचा थर निघेल का?

मिसळवाला: अॅक्रिलिक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या बोळ्याने निघेल, पण जपून, खालचा थरही निघू शकतो. बघा, मी पहिल्यांदाच रंगाचं बोललो होतो.