मुलीचं हॅरी पॉटर माळ्यावर टाकलंय. परत देऊ का?

आगाशीची आई
मुलगी नऊ वर्षांची. यंदाच चर्चमध्ये तिचा पहिला कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, झाला. हॅरी पॉटरचा दुसरा भाग अर्धा झालाय; शाळेतून आली की दप्तर टाकून आधी तेच. परवा आमच्याकडे जपमाळेची प्रार्थना होती. मंडळातल्या एका ताईंनी पुस्तक पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे चेटकाचं आहे, घरात ठेवू नको." बायबल उघडून त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय वाचून दाखवला.

रात्री मी ते जुन्या गणवेशांच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकलं. मुलगी रडली नाही. एवढंच विचारलं, "मी पाप केलं का? फादरना सांगावं लागेल?" तेव्हापासून मला झोप नाही.

त्या ताई वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात महिनाभर त्यांनी डबा दिलाय, त्यांचं बोलणं मला झटकून टाकता येत नाही. आणि भीती मलाही वाटते. लहानपणी ताप उतरेना म्हणून मला गुपचूप भगताकडे नेलं होतं. धुरात घुमणारा तो माणूस अजून डोळ्यांसमोर आहे. जादू म्हटलं की मला तोच दिसतो. चर्चने याबद्दल काही सांगितलंय का?

नालासोपाऱ्याचा बाबा
मी काढून घेतलं होतं, आणि बरं केलं असंच वाटतं. मुलगा सात वर्षांचा होता. दुसऱ्या भागात भिंतीतून आवाज येतो ना, त्यानंतर रात्री दिवा मालवू देईना. धर्माचं नंतर बघा, आधी वय बघा. चौथ्या भागापासून गोष्ट फार काळोखी होते.

धर्मशिक्षणाची बाई
ताई, लेकीला आजच सांगा की तिने पाप केलेलं नाही. बाकीचं सावकाश वाचा.

चर्चची बंदी नाही. निषिद्ध पुस्तकांची यादीच १९६६ मध्ये रद्द झाली. २००३ साली कार्डिनल रात्झिंगर यांनी, पोप होण्याआधी, गाब्रिएले कुबी या जर्मन लेखिकेला पत्रात लिहिलं की या पुस्तकांचं सूक्ष्म आकर्षण मुलांची श्रद्धा वाढण्याआधीच बिघडवू शकतं. त्याच वर्षी व्हॅटिकनच्या पत्रकार परिषदेत फादर पीटर फ्लीटवुड यांनी मात्र यात काही गैर नाही असं सांगितलं. म्हणजे दोन्ही मतं आपल्याच घरातली आहेत. अमेरिकेत तर २००१ च्या डिसेंबरात न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोत एका चर्चने ही पुस्तकं जाळली, आणि २०१९ मध्ये नॅशव्हिलच्या एका कॅथोलिक शाळेने ग्रंथालयातून काढली. पुस्तकं जाळल्याचं वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

अनुवादात मनाई आहे ती शकुन बघण्याला, मंत्रतंत्राला, मृतांना विचारण्याला. तुम्हाला ज्याच्याकडे नेलं ते हेच. हॅरीच्या गोष्टीत जादू जन्मतःच अंगात असते, कुणी सैतानाला हाक मारत नाही. हॅरी जगतो तो आईने त्याच्यासाठी जीव दिला म्हणून. शेवटच्या भागात हॅरी आईबाबांच्या थडग्यावरचा लेख वाचतो, तो बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला आहे: शेवटचा शत्रू मृत्यू. माझ्या वर्गातल्या मुलांना मी तो अध्याय या गोष्टीवरूनच समजावते, आणि त्यांना तो कळतो.

पण नालासोपाऱ्याच्या बाबांचं खरं आहे. एकटीला वाचू देऊ नका, शेजारी बसा.

आगाशीची आई
बाई, तुमचं उत्तर मी स्वयंपाकघरात उभ्याने दोनदा वाचलं. भगताचं कोडं तुम्ही सोडवलंत, ते आजवर कुणाला सांगितलंही नव्हतं.

पुस्तक खाली काढलं. लेकीला जवळ घेऊन सांगितलं, "पाप तुझं नाही, घाबरले मी." पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलंय, रोज रात्री एक प्रकरण, मी मोठ्याने वाचते. काल भिंतीतला आवाज आला. तिने माझा हात धरला, मीही तिचा घट्ट धरला.

रविवारी मिस्सानंतर त्या ताईंकडे जाणार आहे. पुस्तक बरोबर नेईन.