मदत हवी आहे: रोमन नाण्यावर पूजेची पळी कशाला?

चिल्लर_खुर्दा: लोकहो लवकर सांगा, डोकं आउट झालंय. इथे लंडनला नाण्यांच्या मेळ्यात चांदीचं रोमन नाणं घेतलं, मागे दोन माणसं उभी आणि त्यांच्यामधे वरती चक्क आपली पूजेची पळी, शेजारी टोकाला वळवलेली काठी. हे काय प्रकरण आहे?

टांकसाळ: पुढच्या बाजूला काय आहे? वजन? फोटो टाका.

चिल्लर_खुर्दा: पुढे राजाचं डोकं, अजून काय असणार.

रांगडा_कोल्हापूर: कॅस्टर आणि पोलक्स, जुळे देव. डिनेरिअसवर, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्यावर, तेच असतात. विषय संपला.

टांकसाळ: संपला कसा? ते घोड्यावर असतात, डोक्यावर तारे, इ.स.पू. २११च्या आसपासची नाणी ती. चिल्लरराव, दोघांच्या मधे ढाली टेकवल्यात का?

चिल्लर_खुर्दा: हो हो, दोन गोल ढाली आणि भाले! सांगायचं राहिलं. ३.७ ग्रॅम भरलं.

माई७०: चिंच लावून घासा, लख्ख होतं. आमची समई बघा.

टांकसाळ: माई, नको हो!! घासू नका, वाट लागेल. हे ऑगस्टसचं नाणं, पहिला रोमन सम्राट तो. ते दोघे त्याच्या लेकीची पोरं, गायस आणि ल्युशियस, आजोबांनीच दत्तक घेतलेली. पुढचे मालक हेच, अशी जाहिरात खिशाखिशात पोचवलेली. पळी म्हणजे सिंपुलम, देवाला मद्य वाहायची, कारण गायस पोंटिफेक्स, म्हणजे पुरोहित होता. काठी म्हणजे लिटुअस, शकुन बघणाऱ्या ऑगरची, ती ल्युशियसची. ढाली-भाले खरे चांदीचे होते, घोडेस्वार वर्गाने दिलेले. पण ल्युशियस इ.स. २ मधे गेला, गायस ४ मधे, गादी मिळाली सावत्र मुलाला, टायबेरियसला.

रांगडा_कोल्हापूर: मी फक्त एक शक्यता मांडली होती. आणि ज्युलियस सीझरच्या नाण्यावरचा हत्ती बघा, सापाला तुडवतोय, ह्याच्यापेक्षा शंभरपट भारी.

माई७०: हत्ती म्हणजे लक्ष्मीचा का?

टांकसाळ: नाही हो माई. चिल्लरराव, कडेची अक्षरं नीट वाचा. हीच नाणी दक्षिण भारतात ढिगाने सापडतात आणि आपल्याकडे त्यांच्या नकलाही पाडल्या जायच्या, त्यात लॅटिन अक्षरांचा पार बट्ट्याबोळ असतो.

चिल्लर_खुर्दा: थांबा, भिंग आणलं. दोन अक्षरं उलटी दिसतायत. हे चांगलं की वाईट??