शेतघराच्या बागेतील पक्षी आणि माझी काळी छायाचित्रे

प्रश्न : कळमेश्वरकर

नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर मी कळमेश्वरजवळच्या आमच्या शेतघरी राहतो. संत्र्याच्या बागेला लागून उंबर, दोन कडुनिंब आणि विहिरीपाशी मुनग्याचे (शेवग्याचे) झाड असल्यामुळे पक्ष्यांची वाण नाही. सातभाईंचा कलकलाट पहाटेच सुरू होतो, आणि उंबर पिकला की हरियालांचा थवा पानांत असा मिसळून बसतो की अंगणात फळ टपकल्यावरच त्यांचा पत्ता लागतो.

माझ्याकडे ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. झाडावरचा पक्षी टिपला की पांढऱ्या आकाशापुढे तो कोळशासारखा काळा येतो, आणि जवळ गेलो की उडून जातो. शिवाय दोन शंका आहेत. नोव्हेंबरमध्ये मुनग्यावर पिवळ्या पोटाचा, गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ असलेला एक चिमुकला पक्षी दिसत असे. आता एप्रिलमध्ये तो कुठेच नाही, तो कोणता असावा? आणि व्हरांड्यावरच्या बोगनवेलीत लालबुड्या बुलबुलाने घरटे केले आहे. मधल्या दोन फांद्या छाटल्या तर आतले स्पष्ट टिपता येईल, त्या छाटाव्यात का?

उत्तर १ : परळवाला, हिंगणा

आपल्या लेन्समध्ये दोष नाही, अंतरात आहे. पंधरा मीटरवरून ३०० मिलिमीटरलाही बुलबुल चौकटीच्या रुंदीचा पाचवा हिस्सा भरत नाही, चार मीटरवरून मात्र तोच पुरेसा मोठा येतो. तेव्हा पक्ष्यामागे जाण्याऐवजी त्यालाच येऊ द्यावे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्यासाठी पाण्यासारखे दुसरे आमिष नाही. मातीचे पसरट परळ घेऊन त्यात दोन-तीन बोटे पाणी आणि मधोमध एक खडबडीत दगड ठेवावा, कारण गुळगुळीत काठावर लहान पक्ष्यांचे पाय ठरत नाहीत. परळ झुडपाला अगदी खेटून ठेवू नये, मांजर तिथेच दबा धरते. दोनेक मीटर मोकळी जागा सोडावी. शेजारी बाभळीची वाळकी फांदी रोवली की पक्षी आधी तिच्यावर बसून अदमास घेतो, आणि आपले छायाचित्र बहुधा तिथेच मिळते. पाणी रोज बदलावे, नाहीतर आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात.

परळाच्या पूर्वेला हिरव्या शेडनेटचा आडोसा करून सकाळी आत बसावे, म्हणजे ऊन आपल्या पाठीमागून पक्ष्यावर पडते आणि मागे आकाशाऐवजी झाडोरा येतो. आकाश टाळताच येत नसेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र उजळ किंवा गडद करण्याची कॅमेऱ्यातली सोय) अधिक एकवर न्यावे. उजळ आकाश पाहून कॅमेरा सगळेच दृश्य अंधारे करतो, म्हणून पक्षी काळा दिसतो. शटर १/८०० सेकंदाच्या आसपास असावे आणि फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर. नऊ-साडेनऊनंतर उठून चहा घ्यावा. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली की दूरचे चित्र कोणत्याही लेन्सने धूसरच येते.

उत्तर २ : वेलीखालची

फांद्या अजिबात छाटू नका, काका. माझ्याकडून ही चूक झाली आहे. चार वर्षांपूर्वी जास्वंदीतले घरटे नीट दिसावे म्हणून मी एकच फांदी दोऱ्याने बाजूला ओढून बांधली होती, आणि दुसऱ्या दिवशी भारद्वाज घरट्याच्या काठावर उभा राहून शेवटचे पिल्लू उचलताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसला. छायाचित्र माझ्याकडे आहे, पण ते मी कुणाला दाखवत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची घरटी व अंडी विस्कटणेही येते. अंडी उबायला सुमारे दोन आठवडे आणि पिल्ले उडायला जवळपास तितकेच दिवस लागतात; तेवढा काळ व्हरांड्यातली ये-जा नेहमीसारखी ठेवा आणि वेलीखाली थांबू नका.

उत्तर ३ : उमरेडरोड

आपला पिवळा पक्षी कुठेही गेलेला नाही. विणीचा हंगाम संपला की जांभळ्या शिंजिराचा नर आपली चकाकी टाकतो आणि मादीसारखा पिवळट होतो. गळ्यापासून पोटापर्यंतची काळी रेघ तेवढी उरते. आता मुनग्यावर निळा-काळा चमकणारा जो दिसत असेल, तो बहुधा तोच.

परळवाल्यांच्या सल्ल्यात एक भर घालतो. आडोसा बांधल्याबरोबर आत जाऊन बसू नका; चार-पाच दिवस तो रिकामाच राहू द्या, म्हणजे पक्ष्यांना त्याची सवय होते. आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत दुसरा नर हद्दीत घुसला असे समजून तो पिल्लांना भरवायचे सोडून आवाजाचा माग काढत बसतो.

कळमेश्वरकर (२४ दिवसांनंतर)

सर्वांचे आभार. वेलीला हात लावला नाही. शेडनेट विहिरीच्या काठाला बांधले; पहिले आठ दिवस परळावर फक्त साळुंक्या आल्या आणि निम्मे पाणी अंगावर उडवून गेल्या. परवा सकाळी पावणेसातला मात्र दयाळाचा नर बाभळीच्या फांदीवर आला, शेपटी दोनदा उभारली आणि दगडावर उतरून पोटापर्यंत पाण्यात बसला. सव्वीस छायाचित्रांपैकी तीन ठीक आहेत. एकात चोचीच्या टोकाला लोंबणारा थेंबही दिसतो. शिंजीर मात्र अजून परळाकडे फिरकलेला नाही.

बुलबुलाची दोन पिल्ले काल उडाली. त्यानंतरच शिडी लावून आत पाहिले, तर लालसर ठिपक्यांचे एक अंडे न उबलेले तसेच पडले आहे. ते मी तिथेच राहू दिले.