'कट्टिन सारु'तलं 'कट्टिन' म्हणजे काय?

भाषांतरकार: कन्नड पाककृतीत 'कट्टिन सारु' आहे. कोशात कट्टु म्हणजे बांधणे, म्हणून मसुद्यात 'बांधलेले सार' झालंय. सार बांधतात कसं?

निपाणीकर: बांधलेलं असतं तर 'कट्टिद' आलं असतं. इथं कट्टु हे नाम आहे, शिजलेल्या डाळीचं काढलेलं पाणी. कट्टिन ही त्याची षष्ठी. आपली कटाची आमटीच की ती!

रंकाळा: कोल्हापुरात घरोघरी तिला येळवणी म्हणतात. येळणं म्हणजे पाणी निथळून काढणं, आणि गुळवणीत आहे तसंच शेवटी पाणी. अस्सल शब्द असताना कट कशाला? कट मिसळीवर.

शब्दखोर: कट सरळ 'क्वाथ'वरून आलाय.

निपाणीकर: क्वाथाचा काढा झाला. ढ कुठं, ट कुठं! संस्कृतातला सुटा ट मराठीत ड होतो, घोटकाचा घोडा. ट्ट असता तर काट झाला असता. ऱ्हस्व कट उसना आहे, कन्नडातून.

शब्दखोर: मग कट्टाही कन्नडच. त्यात ट्ट कसा टिकला?

निपाणीकर: तिथं पुढं 'आ' आहे. शब्द ट वर संपला की द्वित्त कानाला लागत नाही.

गंगावेस: कारस्थानाचा कट राहिलाच. शिवाय कटिंग चहातला इंग्रजी कट. मिसळीचा कट कुणाच्या गोत्रातला?

रंकाळा: त्यात डाळीचं पाणी नसतं. कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, आलं-लसूण आणि आपली कांदा-लसूण चटणी, त्याचा पातळ रस्सा. वर तरंगतं तेल ती तर्री. तीही आपली नव्हे, फारसी 'तर' म्हणजे ओला.

भाषांतरकार: पाककृतीत हरभरा डाळ १ वाटी, पाणी २ वाट्या दिलंय. बरोबर?

रंकाळा: येळवणी निघायचीच नाही. ४ ते ५ वाट्या पाणी, हळद आणि फेस उतू जाऊ नये म्हणून चमचाभर तेल. मीठ नको, डाळ पुरणात जाणार आहे. चिमटीत मोडली की लगेच चाळणीवर उपसायची. पाण्यात विरघळली तर पुरण सैल आणि आमटीचं वरण! पाणी फारच पातळ वाटलं तर २ चमचे पुरण कालवायचं.

गंगावेस: मग चिंच वाढवा, नाहीतर गुळचट होते.

शब्दखोर: चिंच कसली, आमसूल!

भाषांतरकार: शीर्षक काय छापू?

रंकाळा: आणि खोबरं भाजूनच घाला.