मदत हवी आहे: शिकवायला येणाऱ्यांना आधी काय विचारावं?

नमस्कार मंडळी. पर्वतीच्या जनता वसाहतीत आम्ही चौघं संध्याकाळी मुलांना गणित-वाचन शिकवतो. नवे लोक उत्साहानं येतात, सेल्फी काढतात आणि तिसऱ्या आठवड्यात गायब. मग पाचवीतली पोर विचारते, "दादा, ती ताई रागावली का?" हातच्याची वजाबाकी तिथंच अडकलेली.

खरं सांगायचं तर मीही सीव्हीत एक ओळ वाढावी म्हणूनच गेलो होतो. आता संध्याकाळी घरी बसवत नाही. हेतू बघून माणसं गाळली असती तर मीच गळलो असतो! १८४८ साली भिडेवाड्यात शिकवायला जाताना सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेललं. आम्हाला फक्त मंगळवार-शुक्रवार, सहा महिने टिकणारं माणूस हवंय.

असे वर्ग चालवणाऱ्यांनो, पहिल्या भेटीत नेमकं काय विचारता?