‘शीट म्युझिक’ला स्वरलिपी म्हणावे काय?

प्रश्न : माक्स ब्रुख या जर्मन संगीतकाराच्या ‘कोल निद्रे’ (ओपस, म्हणजे रचना क्रमांक, ४७) या चेलो या व्हायोलिनच्या कुळातील मोठ्या तंतुवाद्यासाठी लिहिलेल्या रचनेवर मी टिपण लिहीत आहे. रचना १८८० सालची असून १८८१ मध्ये बर्लिनच्या झिमरॉक या प्रकाशनसंस्थेने ती छापली. माझ्याजवळच्या प्रतीत दोन पुस्तिका आहेत, एक चेलोवादकाची व दुसरी पियानोवादकाची. इंग्रजीत ‘शीट म्युझिक’ म्हणतात त्या या छापील ऐवजाला ‘स्वरलिपी’ म्हणणे योग्य होईल का? मुखपृष्ठावरील ‘हिब्रू सुरावटींवर आधारित’ या शब्दांत ‘हिब्रू’च्या जागी ‘ज्यू’ लिहिले तर चालेल का?

उत्तर : ‘स्वरलिपी’ रूढ असली तरी येथे ती नेमकी नाही. भातखंडे आणि पलुस्कर यांनी आपापल्या स्वरलिपी घडवल्या, असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला चिन्हांची पद्धती अभिप्रेत असते; त्या पद्धतीत लिहून काढलेली विशिष्ट बंदिश नव्हे. मोडीत लिहिलेल्या पत्राला कोणी ‘मोडी’ म्हणत नाही. त्यामुळे लिपीपासून लिखित वस्तू वेगळी दाखवायची असेल तर शिलालेखाच्या चालीवर ‘स्वरलेख’ म्हणता येईल. शब्द थोडा कोरा वाटतो, हे मान्य आहे.

मात्र आपल्या दोन पुस्तिकांसाठी नवा शब्द घडवण्याची गरजच नाही, कारण मराठी नाटक मंडळ्यांनी हा भेद फार पूर्वी केलेला आहे. संपूर्ण नाटकाची ती संहिता आणि एकेका नटाला पाठ करण्यासाठी उतरवून दिलेली त्याच्या भाषणांची ती नक्कल. ब्रुखच्या मूळ रचनेत चेलोसोबत हार्पसह संपूर्ण वाद्यवृंद आहे. सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेले, संचालकापुढे असणारे पुस्तक ही संहिता, आणि चेलोवादकाच्या पुढ्यातील कागद ही त्याची नक्कल. आरंभी वाद्यवृंद वाजत असताना चेलो गप्प असतो, म्हणून त्या नक्कलेत तेवढे विराम मोजून लिहिलेले असतात. पियानोच्या पुस्तिकेत मात्र सहसा चेलोची ओळही वरच्या बाजूला लहान ठशात छापतात, म्हणजे ती नक्कल असूनही निम्मी संहिता होते! ‘कॉपी’ या अर्थाने नक्कल हा शब्द आज इतका पसरला आहे की वाचकाचा घोटाळा होऊ शकेल. पहिल्या उल्लेखात एका वाक्यात खुलासा करावा.

आणखी एक मत : दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे म्हणणे असे, की मुखपृष्ठाचे भाषांतर करताना ‘हिब्रू’ ठेवावे आणि स्वतःच्या विवेचनात ‘ज्यू’ किंवा ‘यहुदी’ लिहावे. हिब्रू हे भाषेचे नाव आहे आणि ‘कोल निद्रे’चे शब्द तर मुख्यतः अरामी (हिब्रूला जवळची प्राचीन भाषा) आहेत, त्यांचा अर्थ ‘सर्व नवस’ असा होतो, निद्रेशी त्यांचा काहीही संबंध नाही. यॉम किप्पुर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या पूर्वसंध्येला सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, ते म्हणतात. आपल्या कोकणातील बेने इस्राएल हे मराठी ज्यू लोक याच दिवसाला दारफळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण, म्हणत आले आहेत, तेव्हा टिपणात तो शब्द अवश्य यावा. ब्रुख स्वतः प्रोटेस्टंट होता. त्याने घेतलेली दुसरी सुरावट आयझॅक नेथन या संगीतकाराने इंग्रज कवी बायरनच्या कवितेसाठी योजलेल्या संगीतातून आली आहे, म्हणून ‘ज्यू प्रार्थनांवर आधारित’ असे सरसकट लिहिले तर ते अर्ध्या रचनेपुरतेच खरे ठरेल.

प्रश्नकर्त्याकडून : ‘संहिता’ व ‘नक्कल’ दोन्ही स्वीकारतो. ‘नवस’ मात्र मला खटकतो, कारण मराठीत नवस हा बहुधा काहीतरी मिळाल्यावर फेडायचा असतो आणि येथे तशी अट नाही. मी ‘देवापुढे घेतलेल्या सर्व शपथा’ असे लिहीन.